खाडीच्या मुखाशी डॉल्फिन: पाहणी, मोजणी आणि बचाव

देवबागच्या टोकाला कर्ली खाडी समुद्राला मिळते. तिथे डॉल्फिन दिसतात हे सिंधुदुर्गात येणाऱ्या प्रत्येक पर्यटकाला ठाऊक असतं. पण ते वर्षभर असतात का, किती आहेत, पिल्लं जगतात का, जाळ्यात किती अडकतात, हे सांगायचं तर ‘आज दिसले’ एवढी नोंद पुरत नाही. ‘आज अडीच तास पाहिलं, समुद्र शांत होता, एकही दिसला नाही’ ही नोंदही तितक्याच मोलाची असते, आणि नेमकी तीच कोणी ठेवत नाही. शोधायला दिलेला वेळ लिहिलेला नसेल तर दिसलेल्या डॉल्फिनच्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

किनाऱ्यावरच्या मंडळांना, कॉलेजच्या गटांना आणि पर्यटक नौका चालवणाऱ्यांना फार खर्च न करता जमेल अशी पद्धत इथे दिली आहे. उदाहरण कर्लीच्या मुखाचं घेतलं आहे. आचरा, विजयदुर्ग किंवा गोव्यातल्या नद्यांच्या मुखांशीही हीच पद्धत चालेल.

आधी ओळख पक्की करा

कोकणात खाडीच्या मुखाशी, उथळ पाण्यात दिसणारा डॉल्फिन बहुतेक वेळा हिंदी महासागरी कुबड्या डॉल्फिन असतो (शास्त्रीय नाव सूसा प्लम्बिया). पाठीवर लांबट उंचवटा आणि त्यावर बसवल्यासारखा छोटा पर, ही त्याची खूण. श्वास घ्यायला वर येताना आधी लांब चोच पाण्याबाहेर दिसते, मग पाठीची कमान. खोल बुडी मारायची असेल तर शेवटी शेपूट. प्रौढ प्राणी साधारण अडीच मीटरचा असतो. तो सहसा पंचवीस मीटरपेक्षा कमी खोलीच्या पाण्यातच वावरतो. म्हणजे माणसाची जाळी, होड्या, सांडपाणी आणि बंदरं जिथे आहेत, नेमक्या त्याच पट्ट्यात. धोक्यात असलेल्या जातींच्या जागतिक लाल यादीत तो ‘संकटग्रस्त’ आहे.

दुसरा प्राणी म्हणजे पर नसलेला पॉर्पॉइज. दीड मीटरच्या आसपास लांबी, गोल डोकं, चोच नाही, पाठीवर पराऐवजी नुसती बारीक खरखरीत पट्टी. क्षणभर काळी पाठ दिसते आणि नाहीशी होते. बरेच जण त्याला डॉल्फिनचं पिल्लू समजून मोकळे होतात. पिल्लू एकटं फिरत नाही. शेजारी आई दिसली नाही आणि पाठीवर परही नाही, तर तो पॉर्पॉइज. उंच, मागे वळलेल्या पराचे बाटलीनाक्या जातीचे डॉल्फिन किनाऱ्यापासून थोडे लांब, खोल पाण्यात दिसतात. खात्री नसेल तर वहीत ‘अनोळखी’ लिहा. अंदाजाने जात ठोकून दिली की पुढचं सगळं गणित बिघडतं.

परवानगी

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत या सगळ्या प्राण्यांना जागा आहे, आणि हे संरक्षण अभयारण्याच्या सीमेपुरतं नाही. मालवण सागरी अभयारण्य (१९८७, सुमारे २९ चौरस किमी) सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात आहे. कर्लीचं मुख त्याच्या दक्षिणेला पडतं, पण तिथल्या डॉल्फिनला कायदा तोच लागू होतो.

किनाऱ्यावर उभं राहून पाहायला परवानगी लागत नाही. प्राण्याला हात लावणं, नमुना घेणं, खूण करणं यासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते. बोटीतून नियमित सर्वेक्षण करणार असाल तर वनविभागाच्या कांदळवन कक्षाला आधी लेखी कळवा. बंदर खात्याकडे नोंदणी असलेली नौकाच वापरा आणि माणशी एक जीवरक्षक जाकीट ठेवा. ड्रोनचा मोह टाळलेला बरा. किनारी भागात त्याचे नियम कडक आहेत आणि खाली आणलेल्या ड्रोनने प्राणी बिचकतात.

किनाऱ्यावरून पाहणी

सुरुवात इथूनच करावी. डिझेल लागत नाही, प्राण्याला त्रास नाही, आणि महिन्याभरात नजर तयार होते. जागा उंचावरची निवडा: भोगव्याच्या बाजूचा कडा, मंदिराची गच्ची, काहीही चालेल. सपाट वाळूवरून पाचशे मीटरपलीकडचा पर लाटांत हरवतो. वीस मीटर उंचीवरून, समुद्र शांत असेल तर, दीड-दोन किलोमीटरपर्यंत काम होतं.

साहित्य: ७×५० किंवा ८×४२ ची दुर्बीण, होकायंत्र, भरती-ओहोटीचं कोष्टक, पेन्सिल, जाड कागदाची वही. पेनाची शाई खाऱ्या हवेत पसरते.

दोन माणसं बसा. दर अर्ध्या तासाला दहा मिनिटं डावीकडून उजवीकडे सावकाश दुर्बीण फिरवा, उरलेली वीस मिनिटं नुसत्या डोळ्यांनी पाहा. दर तासाला कामं बदला, कारण थकलेला डोळा लाटेलाच पर समजू लागतो. प्रत्येक फेरीला लिहायच्या गोष्टी: वेळ, वाऱ्याचा जोर, उन्हाची चकाकी समुद्राच्या किती भागावर आहे, भरती की सुकती, दिसणाऱ्या होड्या, टाकलेली जाळी, आणि डॉल्फिन दिसले किंवा नाही. सकाळी मतलई वारा असेपर्यंत समुद्र साधारण गुळगुळीत राहतो. दुपारी खारे वारे सुरू झाले की पांढऱ्या फेसाचे तुरे दिसू लागतात. तुरे सगळीकडे दिसायला लागले की पाहणी थांबवा. त्यापुढे ‘दिसला नाही’ याचा अर्थ ‘नव्हता’ असा घेता येत नाही.

फक्त रविवारी जाणाऱ्या गटांची एक चूक हमखास होते. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. सात दिवसांत ती जवळजवळ सहा तास सरकते, म्हणजे या रविवारी सकाळी आठला पूर्ण भरती असेल तर पुढच्या रविवारी आठला जवळपास पूर्ण ओहोटी. त्यापुढच्या रविवारी पुन्हा भरतीच्या आसपास. शिवाय एक रविवार उधाणाचा (मोठ्या भरतीचा) आला की पुढचा भांगाचा (लहान भरतीचा) येतो. महिनाभर पाहूनही तुमच्या वहीत भरतीच्या दोनच अवस्था भरतात आणि मधली सगळी सुकती सुटते. कुबडे डॉल्फिन मुखाशी कधी शिरतात हे तर बऱ्याच अंशी पाण्याच्या चढ-उतारावर, म्हणजे त्या पाण्याबरोबर ये-जा करणाऱ्या बोय-तारली या माशांवर अवलंबून असतं. उपाय सोपा आहे. दर ऋतूत एकदा सलग पंधरा दिवस, रोज ठरावीक तीन तास पाहा. भरतीच्या सगळ्या अवस्था त्यात येऊन जातात.

अंतर काढायला आतमध्ये आखलेल्या रेघा असलेली दुर्बीण उपयोगी पडते. क्षितिजापासून प्राणी किती मिल (कोनाचं माप; हजार मीटरवर एक मीटर म्हणजे एक मिल) खाली आहे ते वाचा. डोळ्याची उंची वीस मीटर आणि वाचन दहा मिल असेल तर सरळ भागाकाराने अंतर दोन किलोमीटर येतं. ते चूक आहे. क्षितिज स्वतःच डोळ्याच्या पातळीच्या खाली असतं. वीस मीटर उंचीवरून ते सुमारे २.३ मिल खाली जातं, म्हणून भागायचं १२.३ मिलने. उत्तर येतं सुमारे १६२५ मीटर. फरक पावणेचारशे मीटरचा! दुसरी गोष्ट भरतीची. उधाणाला पाणी दोनेक मीटर चढतं, तेवढी तुमची उंची कमी होते. दहा मीटरच्या कड्यावर बसला असाल तर हीच चूक वीस टक्क्यांची होते. म्हणून उंची एकदाच मोजून भिंतीवर लिहून ठेवू नका, दर तासाला भरतीप्रमाणे दुरुस्त करा.

बोटीतून सर्वेक्षण

नौकेचा माग नकाशावर आधीच आखा. मुखापासून उत्तरेला आणि दक्षिणेला पाच-पाच किलोमीटर, किनाऱ्यापासून वीस मीटर खोलीपर्यंत नागमोडी रेषा, आणि खाडीत आत चार-पाच किलोमीटर मधल्या पात्रातून एक रेषा. ‘काल तिकडे दिसले होते’ म्हणून रेषा सोडून तिकडे वळायचं नाही. तांडेलाला (नौका चालवणाऱ्याला) हे आधीच नीट समजावून सांगा, नाहीतर तो आपुलकीने तुम्हाला डॉल्फिनपाशीच नेईल आणि मोजणी फुकट जाईल.

वेग ताशी दहा ते बारा किलोमीटर. दोघं पुढे, प्रत्येकाकडे आपापल्या बाजूचा नव्वद अंश. तिसरा नोंदी घेतो. अर्ध्या तासाने जागा बदला. प्राणी पहिल्यांदा दिसला त्या क्षणी, नौका वळवण्याआधी, चार गोष्टी लिहायच्या: वेळ, जीपीएसवरची जागा, नौकेच्या दिशेपासूनचा कोन, अंदाजे अंतर. वळल्यावर लिहिलेला कोन निरुपयोगी. मग गटाची संख्या तीन आकड्यांत: कमीत कमी, सर्वांत संभाव्य, जास्तीत जास्त. पिल्लं वेगळी मोजा. प्रौढाच्या निम्म्याहून लहान आणि अंगावर उभ्या फिकट घड्या असतील तर ते अगदी नवजात.

या कोन-अंतरांवरून काढलेला एकूण संख्येचा अंदाज विश्वासार्ह व्हायला साधारण साठ ते ऐंशी गट दिसावे लागतात. छोट्या मंडळाला हे एका हंगामात जमत नाही. तेव्हा सुरुवातीला ‘एका तासात किती गट’ किंवा ‘दहा किलोमीटरमागे किती गट’ एवढंच काढा. दर वर्षी त्याच पद्धतीने काढलेला तो साधा आकडा एखाद्या भपकेबाज अंदाजापेक्षा जास्त कामाचा असतो.

दर दोन किलोमीटरला आणि प्रत्येक गटापाशी पाण्याचं तापमान, खारटपणा आणि गढूळपणा मोजा. खारटपणाला हातात धरायचा रिफ्रॅक्टोमीटर पुरतो. गढूळपणासाठी वीस किंवा तीस सेंटिमीटरची पांढरी तबकडी खुणा केलेल्या दोरीने नौकेच्या सावलीच्या बाजूला सोडा. ती दिसेनाशी होते ती खोली आणि वर घेताना पुन्हा दिसते ती खोली, या दोन्हींची सरासरी घ्या. हे काम गॉगल काढून करायचं.

मुखाशी वाळूची दांडी असते आणि ती पावसाळ्यानंतर जागा बदलते. सुकतीचं जोरदार पाणी बाहेर पडत असताना समोरून लाट आली तर तिथे उभ्या, फुटणाऱ्या लाटा तयार होतात. दांडी भरतीच्या शेवटी, पाणी थांबतं तेव्हाच ओलांडा. इथे तांडेलाचा शब्द शेवटचा, तुमच्या वेळापत्रकाचा नाही.

पराचे फोटो

डॉल्फिनच्या पराच्या मागच्या कडेला पडलेल्या खाचा वर्षानुवर्षं टिकतात, आणि त्यांवरून एकेक प्राणी ओळखता येतो. अंगावरचे ओरखडे भरून निघतात, ओळख त्यांच्यावर बांधू नका. कॅमेऱ्याला ३०० किंवा ४०० मिमीपर्यंतची लेन्स हवी आणि शटर किमान एक हजारांश सेकंद, हलत्या नौकेवर त्याहून वेगवान. फोटो पराला काटकोनात, डावा आणि उजवा दोन्ही बाजूंचे. सकाळी पहिला फोटो जीपीएसच्या पडद्यावरच्या घड्याळाचा घ्या. कॅमेऱ्याची वेळ सात मिनिटं पुढे असल्याचं चार महिन्यांनी कळून उपयोग नसतो.

खाचा असलेला देखणा पर दिसला की सगळे फोटो त्याचेच निघतात. तसं करू नका. गटातल्या प्रत्येकाचा फोटो घ्यायचा, खुणा असोत-नसोत. खुणा असलेल्यांचं प्रमाण त्यातूनच मिळतं, आणि त्याच्याशिवाय एकूण संख्या काढता येत नाही. घरी आल्यावर आधी दर्जा ठरवा: धूसर, तिरपे, अर्धे बुडालेले फोटो बाजूला. मग दोघांनी वेगवेगळं बसून जुन्या यादीशी जुळवायचं. दोघांचं एकमत झालं तरच ‘तोच प्राणी’. चुकून दोन प्राणी एक मानले तर संख्या घटते. एकाच प्राण्याला दोन क्रमांक दिले तर ती फुगते, आणि फुगलेल्या आकड्यावर कोणी शंका घेत नाही म्हणून ही दुसरी चूक जास्त घातक.

गणिताचं एक काल्पनिक उदाहरण. पहिल्या आठवड्यात खुणांचे २० प्राणी ओळखले. दोन आठवड्यांनी १८ मिळाले, त्यातले ११ आधीचेच. (२०+१)×(१८+१) भागिले (११+१), वजा १. उत्तर सुमारे ३२. हे फक्त खुणांचे प्राणी. चांगल्या फोटोंपैकी ६० टक्के परांवर खुणा असतील तर ३२ भागिले ०.६, म्हणजे सुमारे ५३-५४. दोन फेऱ्यांमध्ये फार अंतर ठेवलं तर मधल्या काळात प्राणी येतात-जातात आणि सूत्र लागू पडत नाही. फार कमी ठेवलं तर तेच गट त्याच जागी पुन्हा मोजले जातात.

मच्छीमारांशी बोलणं

रापणकर (किनाऱ्यावरून जाळं ओढणारे) आणि गिलनेटवाले (पाण्यात उभं जाळं सोडणारे) वर्षातले कितीतरी दिवस त्याच पाण्यात असतात. त्यांना विचारल्याशिवाय केलेला अभ्यास अर्धाच. पण ‘डॉल्फिन तुमचे मासे खातात का?’ असा प्रश्न टाकू नका, उत्तर त्यातच दडलेलं असतं. ‘मागच्या वेळी जाळ्यापाशी कुठला मोठा प्राणी आला? मग काय झालं?’ असं विचारा. जातींची चित्रं दाखवा, नावं त्यांच्याकडून येऊ द्या. विचारताना अधिकारी सोबत नकोत, आणि वहीत नाव-नौका क्रमांक नकोत. जाळ्यात प्राणी मेला हे सांगणं म्हणजे त्याच्या दृष्टीने गुन्ह्याची कबुली. तो भरवसा एकदा मोडला तर त्या वाडीत पुन्हा कोणी बोलणार नाही.

नुकसानही मोजा. डॉल्फिन जाळ्यातून मासा ओढून नेतो, जाळं फाटतं, हे खरं आहे. फाटलेल्या जाळ्याच्या किमतीवर गप्प बसणाऱ्या संरक्षणावर किनारा विश्वास ठेवत नाही.

जाळ्यात अडकून मरणं कमी करायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे जाळ्यापाशी थांबणं. रात्रभर सोडून दिलेल्या जाळ्यात अडकलेला प्राणी काही मिनिटांतच श्वासाअभावी मरतो. जवळ माणूस असेल तर तो वाचू शकतो. दुसरा मार्ग म्हणजे सुकतीच्या वेळी मुखावर आडवं जाळं न टाकणं. आवाज करून डॉल्फिनला दूर ठेवणारी उपकरणं मिळतात, पण ती महाग आहेत. शिवाय काही ठिकाणी प्राणी त्या आवाजाला सरावतात आणि ‘इथे जाळं आहे’ अशी उलट सूचनाच त्यांना मिळते. आमच्या मते लहान नौकांनी त्यावर पैसे घालू नयेत.

पर्यटक नौका

गिऱ्हाईक ‘डॉल्फिन दाखवला तरच पैसे’ म्हणतं तिथे पाठलाग ठरलेला. दर फेरीचा ठेवा, दिसण्याचा नाही. पाण्यावरचे नियम असे: पन्नास मीटरच्या आत जायचं नाही. समोरून किंवा थेट मागून नाही, बाजूने समांतर जायचं. एका गटापाशी एका वेळी दोनच नौका आणि पंधरा-वीस मिनिटं. जवळ असताना मशीन न्यूट्रलला, एकदम रेस वाढवायची नाही. गटाच्या मधून नौका घालायची नाही, पिल्लू आईपासून तुटतं. प्राणी वारंवार दिशा बदलतोय, बुडी लांबतेय, शेपूट पाण्यावर आपटतोय, तर वेळ संपली नसली तरी निघा. कुबड्या डॉल्फिनची मादी साधारण तीन वर्षांतून एकदा एक पिल्लू देते. एका हंगामात गेलेली पिल्लं लगेच भरून निघत नाहीत.

जिवंत प्राणी जाळ्यात सापडला तर

मशीन बंद करा. प्राण्याला नौकेच्या बाजूला आणून आधी श्वासाचं छिद्र पाण्याबाहेर राहील असा आधार द्या, जाळ्याचं नंतर बघा. गाठी सोडवत बसू नका, जाळं कापा. बोथट टोकाची कात्री किंवा आकडी सुरी अंगापासून बाहेरच्या दिशेने चालवा. शेपटीला दोर बांधून ओढलं तर सांधा निखळतो. अंगावर धाग्याचा एकही वेढा राहू देऊ नका, तो पुढे मांसात रुतत जातो.

कापण्याआधी आणि सोडताना फोटो किंवा व्हिडिओ घ्या. महाराष्ट्रात डिसेंबर २०१८ पासून संरक्षित सागरी प्राणी सोडवण्यासाठी कापलेल्या जाळ्याची २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. अर्जासोबत हे फोटो आणि नौकेची कागदपत्रं लागतात. हे अर्ज भरून देणारा एक माणूस प्रत्येक वाडीत तयार करणं ही कुठल्याही मंडळाची पहिली कमाई ठरेल.

किनाऱ्याला लागलेला प्राणी

जिवंत असेल तर लोक त्याला लगेच पाण्यात ढकलतात. बहुधा आजारी असल्यामुळेच तो किनाऱ्याला आलेला असतो. भरकन ढकललेला प्राणी पुढच्या वळणावर पुन्हा लागतो किंवा बुडतो. वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवा. तोपर्यंत त्याला पोटावर, सरळ ठेवा. सावली करा. ओले कपडे अंगावर घाला, श्वासाचं छिद्र मात्र मोकळं ठेवा आणि त्यात पाणी-वाळू जाऊ देऊ नका. बाजूच्या परांखाली वाळूत खड्डे करून त्यात पाणी भरा. गर्दी वीस मीटर लांब, कुत्री त्याहून लांब. दर मिनिटाला किती श्वास घेतो ते लिहा, डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील.

मृत प्राणी बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये सापडतात, कारण वारा समुद्राकडून किनाऱ्याकडे असतो. नेमकी तेव्हाच बोटी बंद असतात, म्हणून पावसाळ्यात आठवड्यातून एकदा ठरलेल्या पट्ट्यात किनारा चाला आणि काही मिळालं नाही तरी चाललेलं अंतर लिहा. हातमोजे आणि मास्कशिवाय शिवू नका, या प्राण्यांचे काही रोग माणसाला होतात. लांबी वरच्या जबड्याच्या टोकापासून शेपटीच्या मधल्या खाचेपर्यंत, जमिनीवर टेप सरळ ठेवून मोजायची, पाठीच्या उंचवट्यावरून नाही. फोटो दोन्ही बाजूंचे, पराचे, तोंडाचे, पोटाखालचे, आणि जाळ्याच्या रेषा असल्यास पट्टी शेजारी ठेवून जवळून. पराचा फोटो यादीशी जुळवा, ओळखीचा प्राणी निघू शकतो. नर-मादी पोटाखालच्या फटींवरून ठरते. मादीत जननमार्ग आणि गुदद्वार एकाच लांब फटीत असतात आणि दोन्ही बाजूंना स्तनांच्या छोट्या चिरा. नरात दोन फटी, मध्ये अंतर.

कुजण्याची अवस्था आकड्यात लिहा: १ जिवंत, २ ताजा, ३ मध्यम, ४ पूर्ण कुजलेला, ५ सांगाडा. दुसऱ्या अवस्थेतलाच शवविच्छेदनाला खरा उपयोगी, तेव्हा फोन पहिल्या तासात जायला हवा. पंचनामा होण्याआधी पुरू नका, आणि दात किंवा हाड आठवण म्हणून घरी नेऊ नका, तो गुन्हा आहे. पुरायचं ते भरतीच्या रेषेच्या वर, दोन मीटर खोल, आणि जागेची जीपीएस नोंद ठेवून. वर्षभराने सांगाडा अभ्यासासाठी काढायची परवानगी मिळाली तर वाळूत ती जागा नुसत्या आठवणीवर सापडत नाही. पंचनाम्याची प्रत मागून घ्या आणि वहीतल्या त्याच तारखेच्या पानाला जोडा.